मोजक्याच काढल्यात

दाराच्या आतल्या अस्तराला धरून ठेवणारी ती क्लिप – काळ्या प्लॅस्टिकची, करंगळीच्या नखाएवढी – तळहातावर पडली तेव्हा तिचा एक पाय मोडलेला होता, आणि सुनयना तिच्याकडे बघत राहिली, आईवडिलांच्या घरच्या अंगणातल्या कोवळ्या उन्हात, हातातलं ओलं फडकं तसंच निथळत ठेवून. एवढीशी वस्तू. दुसऱ्या कुठल्याही गाडीची असती तर निपाणीच्या स्टँडजवळच्या दुकानात मूठभर मिळाल्या असत्या, वर दुकानदारानं दोन-चार फुकट टाकल्या असत्या... पण ह्या गाडीचं नाव घेतलं की बेळगावचा दुकानदार हसतो, कोल्हापूरचा 'पुण्याला बघा' म्हणतो आणि पुण्याचा फोनच ठेवून देतो. गाड्या खपल्या नाहीत म्हणून कंपनीनं काढायच्या बंद केल्या, गाड्या बंद झाल्या म्हणून क्लिपा बंद झाल्या, आणि आता हा मोडका पाय घेऊन मी काय करू? तिनं क्लिप पर्समध्ये टाकली. गाडी घ्यायला येणाऱ्या माणसाला ती दाखवावी की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

घ्यायला येणारा म्हणजे समर्थ – कोल्हापुरातला दातांचा डॉक्टर, वय तिशीच्या आतबाहेर, आवाज मात्र शाळकरी पोराचा. कोगनोळीच्या टोलनाक्याजवळच्या हॉटेलात भेटायचं ठरलं होतं. त्यालाही सोयीचं, हिलाही. पहिल्यांदा फोन आला तेव्हा त्यानं किंमत विचारली नव्हती. "मॅडम, अजून आहे ना तुमच्याकडं? खरंच आहे?" असं त्यानं विचारलं होतं, एखाद्या माणसाची खुशाली विचारावी तसं, आणि पाटबंधारे खात्यात वीस वर्षं ठेकेदारांशी वाद घालून निबर झालेली सुनयना फोनवर 'आहे, आहे' असं दोनदा म्हणून गेली होती. मग तो सुटलाच. देशात ही गाडी विकलीच किती गेली, त्यातल्या किती ठोकून भंगारात गेल्या, उरलेल्यांत दोन दारांच्या किती, त्यातही ह्या निळ्या रंगाच्या किती – बोटावर मोजाव्यात एवढ्या. "कुणी घेतलीच नाही मॅडम ही गाडी. म्हणून तर!"

म्हणून तर. बादलीतल्या गढूळ पाण्यात फडकं बुडवताना तिला हसू आलं, कारण हेच शब्द तिनं आधी एकदा ऐकले होते, पण उलट्या अंगानं. सहा वर्षांपूर्वी, ही गाडी विकायचा भाव काढायला गेली होती तेव्हा, बेळगावात, शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या भावकूअण्णांच्या शेडमध्ये. भावकूअण्णा गाडीभोवती एक फेरी मारून आले होते, टायरला चपलेनं जरासं ढोसलं होतं आणि मग खुर्ची ओढून देत अगदी मायेनं म्हणाले होते, "बाई, गाडी देखणी हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. सिग्नलला हुबी ऱ्हायली तर पोरं मान मोडून बगतील. खरं बगतील सगळी, घेणार कोण? जी गाडी गल्लीगल्लीत दिसती ती डोळं झाकून जाती. मेकॅनिकचा हात बसलेला असतोय, पार्ट कुटंबी मिळतोय. हिच्यावर कुणाचा हातच बसलेला न्हाय. कुणी घेतली न्हाय, म्हणून तर कुणी घेत न्हाय." आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून तिचे कान तापले होते. गाडीचा अपमान झाला म्हणून नव्हे... स्वतःची निवड अशी भर बाजारात पालथी पडलेली बघायला कुणालाच आवडत नाही, तिलाही आवडलं नव्हतं. ती गाडी घेऊन परत आली होती.

तशी ती निवडही कसली... शोरूममध्ये गेली होती चार दारांची, सगळे घेतात तसली पांढरी गाडी बघायला. पगार वाढला होता, आई म्हणाली होती एक गाडी घे, उनातानात साइटवर फिरतीस. आणि तिथं कोपऱ्यात ही उभी होती – बुटकी, रुंद, पाठीमागे बसायला जेमतेम मांजराएवढी जागा, आणि समोरून बघितलं तर काहीतरी खोडी करून आल्यासारखा चेहरा. सेल्समननं तिला तिकडे बघताना बघितलं आणि घाईघाईनं सांगितलं, ती नको मॅडम, ती लेडीजसाठी नाही. त्या एका वाक्यानं काम केलं. निळा रंग तिनं निवडला असंही नव्हतं. तोच एक शिल्लक होता, तोही कुणी उचलला नाही म्हणून. पण निपाणीत गाडी आली आणि अख्ख्या वस्तीनं ठरवून टाकलं की सुनीनं मुद्दाम निळी आणली. त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यात पुढं होती, आणि चाकाखाली कुणाचा पाय येईल ह्या धास्तीनं तिला घाम फुटला होता, आणि शेजारच्या सीटवर आप्पा बसले होते. पांढऱ्या कडक सदऱ्यात, दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखे.

आप्पा. तिनं मान वर करून बघितलं. पडवीत तिचे वडील, आण्णाप्पा, भिंतीला टेकून बसले होते आणि गाडीकडे बघत होते – किंवा गाडीपलीकडे, त्यांचं हल्ली कळत नसे.

आण्णाप्पांची सगळी उमर तंबाखूच्या वखारीत गेली. पोती उचलण्यापासून सुरुवात झाली, शेवटी शेवटी पाल्याची पारख करायलाही त्यांना बोलवत. त्यामुळे त्यांचा जगाचा हिशोब वखारीचा. वखारीत भारी माल नेहमी थोडाच असतो. ढीग लागतो तो हलक्याचा. आणि भारी मालाच्या पोत्याला, व्यापाऱ्याच्या लक्षात यावं म्हणून, तोंडाशी आतल्या बाजूला तांबड्या रंगाचं एक बोट ओढायचं, अशी तिथली रीत. सुनयना कधीतरी जेवताना बोलून गेली होती की आप्पा, ह्या गाड्या फार थोड्या विकल्यात, कंपनी बंद करणार म्हणतात... ती कुरकुर करत होती. आणि आण्णाप्पा ताठ बसले होते. "व्हय? मोजक्याच काढल्यात म्हण की!" दुसऱ्या दिवशी ते साऱ्या वस्तीत सांगत फिरले. कंपनीनं मोजक्याच काढल्यात. दरएकाला देत न्हाईत. आमच्या सुनूला दिली. आणि पुढच्या रविवारी डिकी उघडली तर आतल्या पत्र्यावर, रबराच्या कडेला, तांबड्या ऑइलपेंटचं एक बोट ओढलेलं.

तिनं त्यांना खरं कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? की आप्पा, थोडा माल म्हणजे भारी माल असं बाजारात नसतं, थोडा म्हणजे पडून राहिलेला... वर्षामागून वर्षं आप्पा तेच सांगत राहिले आणि ती मान खाली घालून हसत राहिली. आणि आता कोल्हापूरचा एक डॉक्टर येऊन नेमकं आप्पांचंच म्हणणं म्हणतो आहे! तीच गाडी, तोच खपाचा आकडा – सहा वर्षांपूर्वी त्या आकड्यानं किंमत मातीत घातली, आज तोच आकडा तिला डोक्यावर घेऊन नाचतो आहे. मधे काय बदललं? गाडी तर बदलली नाही. एक क्लिप तेवढी मोडली.

थोड्यांतलं एक असण्याची तिला सवय होती, म्हणजे तसं ती स्वतःला सांगायची. कॉलेजात सिव्हिलच्या वर्गात मुली थोड्या, त्यात वस्तीतून आलेली ही एकटीच. तेव्हा प्रयोगशाळेत जोडीला कुणी मिळायचं नाही, ती एकटीच मापं घ्यायची आणि एकटीच लिहायची. आणि आता त्याच कॉलेजात बोलावतात, शाल घालतात, आपल्या पहिल्या अमुक, आपल्या एकमेव तमुक... तेव्हाचं एकटेपण आणि आत्ताचं एकमेवपण ह्यांत फरक तो काय, मी तर तीच होते, हातात टेप धरून उभी. स्थळांचंही तसंच झालं. इतकी शिकली, जोड कुठली बघायची, असं म्हणत लोक बघून जात राहिले, आणि पुढं तिनंच तो विषय मिटवला, त्याचं तिला आता फारसं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते एवढंच की आप्पांना काहीतरी वाटतं. कारण गेली दोन वर्षं आप्पा तिच्यापासून दूर दूर सरकत चालले होते. पूर्वी गाडीचा आवाज आला की चपला घालून तयार. आता कुठं चला म्हटलं की 'तू जा'. संकेश्वरचं लग्न – 'तू जा'. डोळे दाखवायला कोल्हापूरला न्यायचं म्हणून ती रजा काढून आली, तर हे आदल्याच दिवशी एस्टीनं एकटे जाऊन आलेले. आणि बेळगावचं तिचं नवं क्वार्टर... बढतीनंतर मिळालेलं, समोर आंब्याचं झाड असलेलं... आई दोनदा राहून गेली, आप्पांनी उंबरा ओलांडला नाही. माझं कौतुक संपलं असेल. संपतं तसं. म्हातारपणी माणसाला नातवंडं लागतात, शाली नाही लागत. आणि ज्या गाडीत आप्पा बसत नाहीत ती ठेवून तरी काय करायची, असं एके दिवशी तिच्या मनानं घेतलं आणि समर्थच्या फोनला ती हो म्हणाली. व्यवहार सगळा ठरल्यातच जमा होता.

"आज मी येतो संगं," आण्णाप्पा पडवीतून म्हणाले.

फडकं तिच्या हातातून बादलीत पडलं. "कोगनोळीला? आप्पा, तुम्ही?"

"जायला लागलीय नव्हं ती. एकडाव बसतो."

आई, सोनुबाई, आतून चार पदरी घडी घातलेली वाकळ घेऊन आली आणि आप्पांच्या सीटवर अंथरू लागली. "आई, हे कशाला? सीट मऊ आहे की." "असू दे गं, त्यास्नी थंडी बाधती," सोनुबाई म्हणाली आणि वाकळ दाबून दाबून बसवत राहिली. उन्हं चांगली वर आली होती, थंडी कसली... पण सुनयनाला एवढा आनंद झाला होता की तिनं पुढं विचारलं नाही. ती हातपाय धुवायला आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा आप्पा गाडीत बसलेले होते, सोनुबाई दाराशी उभी होती आणि दोघंही जरा धापा टाकत होते.

हायवेला लागल्यावर तिनं गाडी जराशी सोडली. दोन्हीकडे तंबाखूची रुंद पानं, मधूनच उसाचा ट्रॅक्टर, आणि गाडी अशी खाली, रस्त्याला पोट लावून पळणारी, की शेजारून जाणाऱ्या ट्रकचं चाक खिडकीच्या उंचीला येई. आण्णाप्पांनी मांडीवर दोन्ही हात ठेवले होते – तसेच, मिरवणुकीतल्यासारखे. "लई गुमान पळती," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "घेणारा बरा हाय नव्हं? मारहाण न्हाय करायचा?" ती हसली. गाडीला कोण मारहाण करतं, आप्पा. मग दोघंही गप्प बसले, पण ही शांतता गेल्या दोन वर्षांतली नव्हती, जुनी होती, आणि तिला वाटलं की हा रस्ता कोल्हापूरपर्यंत, पुण्यापर्यंत असाच जावा, कोगनोळी येऊच नये.

कोगनोळी आलीच. समर्थ हॉटेलच्या पायरीवर उभा होता आणि गाडी वळताना दिसली तसा तो पायरी उतरून उन्हात आला, आणि ती थांबल्यावरही बराच वेळ तिला नमस्कार करायचं विसरून गेला. तो गाडीभोवती फिरला, वाकला, दिव्याच्या काचेवरून त्यानं हळूच बोट फिरवलं. सुनयना उतरून त्याच्याबरोबर फिरत होती. बॉनेट झालं, इंजिन झालं. तिनं पर्समधून क्लिप काढून त्याच्या हातावर ठेवली तर तो म्हणाला, "असू दे मॅडम, माझ्याकडं तीन आहेत. गाडी नव्हती तेव्हापासून जमवून ठेवल्यात." कर्नाटक पासिंगचं काय, तिनं विचारलं. "दुसरी कुठली असती तर आमच्याकडं नाक मुरडलं असतं. हिचं पासिंग कोण बघतोय!" डिकीतलं तांबडं बोट दिसल्यावर मात्र तो थबकला. "हे काय?" तिनं सांगितलं, वखारीची खूण आहे, भारी मालाची, वडिलांनी ओढलीय. तो गोंधळला, चांगला मुलगा होता. "काढून टाकावं लागेल मॅडम... ओरिजिनल पाहिजे ना सगळं." आणि पुढच्या दाराकडे वळून, ओशाळल्यासारखा, मोठ्यानं म्हणाला, "काका, या ना, चहा घेऊ."

"तुम्ही घ्या. मी बसतो हितंच."

आलं परत. तू जा, तुम्ही घ्या, मी बसतो हितंच... सकाळपासूनचा तो आनंद, ती शांतता, सगळं माझंच माझ्यापुरतं होतं तर. ती तरातरा त्यांच्या बाजूला गेली आणि तिनं दार उघडलं. "आप्पा, उतरा बघू. तो माणूस एवढ्या लांबून आलाय."

आण्णाप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग एक पाय बाहेर ठेवला. मग दुसरा, दोन्ही हातांनी मांडी उचलून. मग दाराच्या चौकटीला धरलं आणि जोर केला, आणि अंग सीटपासून वीतभर उठलं, तिथंच राहिलं, हाताच्या शिरा टरारल्या, आणि ते परत खाली बसले. वाकळ एका अंगानं घसरली. "हूं," ते म्हणाले, आणि पुन्हा जोर केला, आणि पुन्हा बसले. मग हसले. चोरी पकडल्यावर लहान मूल हसतं तसं.

समर्थ 'चहा सांगतो' म्हणत आत निघून गेला. सुनयना दारापाशी खाली उकिडवी बसली. रस्त्यावरची धूळ, डिझेलचा वास, टोलनाक्यावर अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न...

"कधीपासून, आप्पा?"

"गाडी चांगली हाय गं. जरा बुटकी हाय, एवढंच."

"कधीपासून?"

"झाली की दोन-अडीच वर्सं. गुडघं वाकत्यात, खरं सरळ व्हायला मागत न्हाईत. तुझी आई बसवती, तुझी आई उठवती. परक्या गावात कुणाला सांगायचं, उठवा म्हणून?"

संकेश्वर. कोल्हापूर. एस्टीच्या पायऱ्या उंच असतात, पण दांडी धरून चढता येतं... ती एकेक 'तू जा' उचलून बघत होती, आणि प्रत्येकाच्या खाली हे गुडघे. "मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू इकली असतीस." त्यांनी वाकळ सारखी केली. "म्हाताऱ्याच्या गुडघ्यापायी पोरीनं गाडी इकली, ह्ये बरं दिसतंय व्हय? तुझी हौस हाय ती. आनि मी बसलो न्हाय म्हणून काय झालं? शनवारी कट्ट्यावर असतोय नव्हं मी? कोपऱ्यावर निळं दिसलं की कळतंय, आली. दुसऱ्या कुणाची असायचीच न्हाय. बाकीच्यांच्या पोरी येत्यात, तर गाडी दारात लागस्तवर कळत न्हाय त्यास्नी, कोण आलंय ते."

बेळगावहून येताना कट्ट्यावर बसलेले आप्पा तिला दर शनिवारी दिसत. तिला वाटे, म्हातारा माणूस, वेळ जात नाही, बसतो. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, धोतरावरून, आणि तिथला तो कढत, सुजलेला गोळा तिच्या तळव्याला लागला. भावकूअण्णांनी मोजलं, समर्थनं मोजलं, कॉलेजनं मोजलं, बघायला आलेल्यांनी मोजलं, मीही तेवढंच करत आले, किती आहेत आणि त्यांत मी कितवी... आणि हा माणूस दोन वर्षं फक्त कोपऱ्याकडे बघत बसला होता. माझं कौतुक संपलं म्हणत होते मी. मला वाटलं तरी कसं असं!

"मग आज कसं काय विकू देताय?" तिनं विचारलं.

"तूच ठरीवलंस. मी कोण न्हाय म्हणणार?" ते थांबले. टोलनाक्याकडे बघत, जरा लाजल्यासारखे म्हणाले, "खरं एक हाय. ही गेल्यावर दुसरी घेशील, ती उंच घे. तुझं क्वाटर बघायचं ऱ्हायलंय माझं. आई सांगती, दारात आंबा हाय म्हणं."

समर्थ तीन कप चहा ट्रेमध्ये घेऊन स्वतःच आला. एक त्यानं आप्पांच्या हातात दिला, एक तिच्या, तिसरा घेऊन तो तिथंच धुळीत उभा राहिला, आणि कप रिकामा झाल्यावर, डोळ्यांतली अधीरता लपवत म्हणाला, "मग मॅडम, काय ठरलं?" सकाळी निघताना उत्तर तयार होतं. हो म्हटलं तर शनिवारी कोपऱ्यावर निळं दिसणार नव्हतं, नाही म्हटलं तर दारातला आंबा आप्पांना दिसणार नव्हता, आणि ह्या दोहोंची किंमत करणारं कुणी भावकूअण्णांच्या शेडमध्ये नव्हतं की कोल्हापुरात नव्हतं. तिला घाई वाटत नव्हती. किती तरी दिवसांनी कशाचीच घाई वाटत नव्हती.

"किती उंच, आप्पा?" तिनं विचारलं.

आण्णाप्पांनी चहाचा कप डाव्या हातात घेतला, उजवा हात दाराबाहेर काढला, तळवा खाली करून हवेत धरला, जरा वर नेला, विचार केला, जरा खाली आणला. "एवढी. एवढी आसंल तर माझा मी उतरतोय." समर्थ पुन्हा काहीतरी विचारत होता, तिला ते ऐकूही येत होतं, पण ती तशीच उकिडवी बसून राहिली, आप्पांचा तो हवेत धरलेला हात बघत, आणि तो त्यांनी इतक्यात खाली घेऊ नये असं तिला वाटत होतं.